साखळीचे झोके

मोठ्या बागेतले चार साखळीचे झोके गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी, गॅस कटरने कापून काढण्यात आले. लोखंडी खांब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेले. साखळ्या पोत्यात भरल्या गेल्या. झोक्यांखाली पायांनी घासून खोल झालेले चार खळगे राहिले होते. दुपारपर्यंत त्यांतले तीन मुरूम टाकून बुजवण्यात आले.

चौथ्या खळग्याचे काम सुरू होणार तेवढ्यात मॅडम मुलीला घेऊन आल्या. मुलगी सरळ खळग्यापाशी गेली आणि त्यात बसली. मॅडम तिच्यासमोर काही पावलांवर उभ्या राहिल्या. सवयीने त्यांचे दोन्ही तळहात छातीसमोर आले, बोटे वर, समोरच्याला थांबवताना धरावेत तसे.

“लाइनवर राहा, बेबी,” त्या म्हणाल्या. “लाइनवर राहा.”

फावडेवाला थांबला. “बाई, पोरीले उठवा न. ट्रॉली खाली करायची हाये.”

पोरगी चाळिशीला आली होती.

तुम्ही या बागेत कधी भर दुपारी गेला असाल, तर या दोघींना तुम्ही पाहिलेले आहे. यवतमाळात मुलांना घेऊन फिरायला जायचे म्हणजे इथेच. दारात ‘आय लव्ह यवतमाळ’ ही माणसाएवढी लाल अक्षरे आहेत. आत तलाव आहे, तलावात हंसाच्या तोंडाच्या पायडल बोटी आहेत. तलावाला वळसा घालणारी झुकझुक गाडी आहे, ती चालू असण्यापेक्षा बंद जास्त असते. सिमेंटचा जिराफ आहे, रविवारी संध्याकाळी गाण्यावर नाचणारे कारंजे आहे, पोट कमी करण्याची यंत्रे आहेत. नेर, बाभुळगाव, मारेगावहून लग्नाला किंवा दवाखान्यात आलेली माणसेही मुलांना इथे एक चक्कर घडवून आणतात. झोके तलावाच्या मागे, कडुनिंबांच्या ओळीत होते. बागेतली सगळ्यांत जुनी खेळणी तीच होती.

मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात काम करतो. कार्यालय बागेच्या समोरच्या रस्त्यावर आहे. दुपारचा डबा मी अनेक वर्षे झोक्यांजवळच्या बाकावर बसून खात आलो. पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी त्या बाकावरून पाहिलेले आहे. जे ऐकलेले आहे, ते कोणाकडून ऐकले ते सांगितले आहे.

बागेत सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल लावून मिळण्याच्या काळात. गावाला नागपूर आणि मुंबई जोडून देणारा आवाज त्यांचा होता. निवृत्तीनंतरही तो टिकला होता. परक्या माणसाशी त्या त्याच आवाजात, छापील मराठीत बोलत. मुलीकडे वळल्या की वऱ्हाडी. एका दमात दोन्ही ऐकू येई.

“साहेब, आपण जरा बाजूला उभे राहाल का? बेबी, पाय घे मांगं! काहून लोंबकळून राह्यली?”

“लाइनवर राहा” हे त्यांचे वाक्य होते. बोलता बोलता मला फोन आला आणि मी उठलो, की त्या म्हणत, “लाइनवर राहा, भाऊ, माझं पूर्ण झालं नाही.” बागेच्या दाराशी भुट्टे भाजणारी बाई होती. तिलाही त्या तेच म्हणत.

“मी कुठी पळून चालली मॅडम?” ती म्हणे. “निखाऱ्यावर बसून हाओ मी. लाइन तुमचीच कटते.”

मॅडमचे पती बाभुळगावला शिक्षक होते. ते लवकर गेले. बेबी ही एकुलती मुलगी. ती अशी का, तर जन्मल्यावर रडली नाही, एवढेच कारण मॅडम सांगत. बेबी बोलत नसे. आनंदाचा तिचा एक आवाज होता, नकाराचा एक. घाबरली की ती स्वतःचे मनगट चावत असे. उजव्या मनगटावर त्याचा जाड, काळा घट्टा पडला होता. झोक्यावर बसली की ती चावत नसे, कारण दोन्ही हात साखळ्यांवर असत. झोका झाला की ती जेवत असे. झोका झाला नाही, तर जेवत नसे. मॅडम हे हवामान सांगावे तसे सांगत.

घरी बंगई, म्हणजे पाटाचा झोपाळा, होती. बेबी तिच्यावर बसत नसे. बंगईवर तिचे पाय भिंतीला लागत. शिवाय बंगईच्या लाकडी पाटाला तिच्या मते काही अर्थ नव्हता. तिला बागेतलाच झोका लागे, त्यातही कडुनिंबाच्या बाजूचा चौथा, आणि हातात साखळी.

झोक्यांच्या खांबावर पाटी होती: बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये. नवा चौकीदार आला की पहिल्या आठवड्यात पाटीवर बोट ठेवत असे. त्यांतल्या एकाचे बोलणे माझ्यासमोर झाले.

“मॅडम, बोर्ड वाचा.”

“वाचला. बेबी अजून बारा वर्षांची झालेली नाही. आपण तिला विचारून पाहा.”

चौकीदाराने बेबीकडे पाहिले. तिच्या कानशिलांवर पांढरे केस होते. तो तिच्यासमोर वाकून म्हणाला, “कोन्त्या वर्गात हायेस वं बाई?”

बेबीने आनंदाचा आवाज काढला. चौकीदार मॅडमला म्हणाला, “बारा ते तीन आणत जा. तेव्हा लेकरं नसतात, साहेबबी नसतात.”

त्यामुळे त्यांची वेळ भर दुपारची ठरली. मे महिन्यात त्या वेळी साखळीला हात लावता येत नसे. मॅडम घरून दोन जुन्या ओढण्या भिजवून आणत आणि बेबीची बोटे जिथे येत तिथे साखळ्यांना गुंडाळत. घरी जाईपर्यंत ओढण्या कोरड्या ठणठणीत होत.

झोका सगळे मागून देतात. आधी मॅडमही मागूनच देत. मी त्यांना पाहू लागलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या समोर येऊन उभ्या राहू लागल्या. सुरुवातीला मला त्याचे कारण कळले नाही. त्या दोन तळहात उभे धरत आणि म्हणत, “पाय लाव माझ्या हाताले.” बेबी पाय लांब करी. पायांना तळहात लागले की मॅडम म्हणत, “आता घे मांगं.” मागे जाताना पाय मुडपायचे, पुढे येताना लांब करायचे. लहान मुलांना हे कुणी शिकवत नाही, त्यांना ते एका दुपारी आपोआप येते. बेबीला ते येत नव्हते. ती पाय लांब करी आणि तसेच ठेवी. झोका मंद होत थांबे. मॅडम मागे जाऊन एक धक्का देत, पुन्हा समोर येत, पुन्हा तळहात धरत.

याला वर्षे लागली. किती, ते मी मोजले नाही.

सकाळच्या फिरणाऱ्यांपैकी एक निवृत्त गृहस्थ कधी दुपारीही सावलीला येऊन बसत. ते एकदा म्हणाले, “मॅडम, पोरगी म्हातारी व्हायला आली, तुमचा क्लास काही संपला नाही.”

“आपण इतकी वर्षे या तलावाला चकरा मारता,” मॅडम फोनवरच्या आवाजात म्हणाल्या. “पोट गेलं का?”

भुट्टेवाली तेव्हा आत आली होती, ती हसली. गृहस्थही हसले. मॅडम हसल्या नाहीत. बेबीचा झोका थांबत आला होता. त्या उठून मागे गेल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्यांना धाप लागू लागली. मागून धक्का देऊन समोर येईपर्यंत त्यांना एका खांबाला धरून उभे राहावे लागे. एका दुपारी त्या माझ्या बाकावर येऊन बसल्या. माझ्याशीही त्या पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलल्या.

“भाऊ, माही झडप गेली म्हन्ते डॉक्टर. हृदयाची. नागपूरले जा, आपरेशन करा. आता नागपूरले मी महिनाभर पडली, तर इले झोका कोन देईन?”

मी नातेवाइकांबद्दल विचारले. नेरला भाचा आहे, त्या म्हणाल्या. भावाचा मुलगा. चांगला आहे, बेबीला ठेवून घेईन म्हणतो. त्याची बायकोही नाही म्हणत नाही.

“खाऊ घालतीन, कपडे करतीन. मी नाई म्हनत नाई. पन झोका कोनी कोनाले किती दिवस देईन? दोन दिवस देईन, चार दिवस देईन. मंग त्याईलेबी कामं हायेत. आपलं आपल्याले घेता आलं पायजे. मंग कोनाचं काही अडत नाई. खांब असला की झालं.”

बेबी झोक्यावर पाय लोंबकळत बसली होती. मॅडम उठल्या. “आपरेशन नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी इचं होऊ दे.”

त्यांना काय हवे होते, ते एवढेच होते. मी ते इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे अनेक लोकांनी त्यांना वेगवेगळे काही देऊ केले.

मध्यंतरी चौथ्या झोक्याचा एक आकडा झिजला. आकडा म्हणजे वरच्या दांडीला साखळी धरणारा लोखंडी हुक. झोका पुढे गेला की तो करकरत असे, आणि बागेच्या माळ्याने सांगितले की हा कधीही सुटेल. मॅडमने बेबीला तिसऱ्या झोक्यावर बसवून पाहिले. बेबी उतरली, चौथ्यापाशी गेली आणि मनगट चावू लागली. माळ्याने आकडा तारेने आवळून दिला. तेवढ्यावर महिनाभर निघाला.

मग मॅडम बागेचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. झोक्यांच्या दुरुस्तीला निधी नाही, असे सांगितले. मग त्यांनी विचारले, मुलीकडे दिव्यांगाचे प्रमाणपत्र आहे का. आहे, मॅडम म्हणाल्या.

“मग तसं मागा न,” साहेब म्हणाले. “दुरुस्ती कशाला मागता? दिव्यांगांसाठी झोका मागा. त्या योजनेत पैसा पडून आहे. नवाकोरा येईल.”

मॅडम पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत होत्या. कोणत्या खिडकीवर काय म्हटले म्हणजे काम होते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तसे मागितले. बाहेर पडताना साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

“चांगला मानूस हाये,” त्या मला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी भुट्टेवालीकडून तीन भुट्टे घेतले. एक मला दिला.

सहा-सात महिने काही झाले नाही. तार आवळलेला आकडा टिकून राहिला. मॅडम आता मागे जाऊन धक्का देत नसत, त्यांना ते होत नव्हते. चौकीदार एक सुरुवातीचा धक्का देई आणि निघून जाई. मॅडम समोर, तळहात धरून उभ्या. झोका जसजसा वर जाऊ लागला, तसतशा त्या एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. बेबीच्या पायांना तळहात गाठायचे असत. तळहात मागे गेले, की पाय आणखी लांब होत.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, बेबीला झोका घेता आला.

मी डबा उघडत होतो. चौकीदार आलेला नव्हता. बेबी झोक्यावर बसली. मॅडम समोर होत्या, पण त्यांना धाप लागली म्हणून त्या माझ्या बाकावर येऊन टेकल्या. त्यांचे हात मांडीवर होते. बेबीने आईकडे पाहिले. मग तिने पाय लांब केले. झोका थोडा हलला. तिने पाय मागे घेतले. पुन्हा लांब केले. समोर तळहात नव्हते. आकडा करकरू लागला, आधी हळू, मग एका लयीत. ती कडुनिंबाच्या खालच्या फांदीच्या उंचीपर्यंत गेली. मग तो आनंदाचा आवाज आला, आणि थांबेना.

“मॅडम,” मी म्हणालो.

“बोलू नका,” त्या म्हणाल्या.

भुट्टेवाली शेगडी सोडून आत आली होती. “अवं बाई! एकटी घेऊन राह्यली वं!” ती ओरडली. “पास झाली न मॅडम पोरगी!”

झोका आपोआप मंद झाला, थांबला. बेबीने पुन्हा पाय लांब केले आणि तो पुन्हा सुरू झाला. त्या दुपारी दोघी तीन वाजल्यानंतरही बागेत होत्या. कुणी हटकले नाही. निघताना मॅडम मला म्हणाल्या, “आता मले नागपूरची तारीख घ्या लागते.”

त्यांनी तारीख घेतली. मार्चची मिळाली.

फेब्रुवारीतला मंगळवार त्याच्या आधी आला. फावडेवाल्याने बोलावल्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर आला. तरुण होता, नम्र होता. त्याने मॅडमला ओळखले.

“काकू, तुमचंच काम आहे हे,” तो म्हणाला. “तुमच्याच मागणीवर मंजूर झालं. दिव्यांग झोका. व्हीलचेअरसकट चढतो. जागा मोठी लागते त्याला, म्हणून हे चारही काढले.”

“व्हीलचेअरसकट?”

“हो न. मुलीला उतरवायचीसुद्धा गरज नाही.”

“ती चालते,” मॅडम म्हणाल्या.

सुपरवायझरने खळग्यात बसलेल्या बेबीकडे पाहिले. “हो, चालू द्या न,” तो म्हणाला. “कोणाला मनाई आहे?”

नवा झोका म्हणजे चार खांबांवर टांगलेला लोखंडी पाळणा होता. भोवती कमरेइतके कठडे, एका बाजूला उतार, चाकाची खुर्ची चढवण्यासाठी, आणि खुर्ची आत अडकवण्याचे दोन पट्टे. तो पिवळ्या रंगाचा होता. तो हलवायला बाहेरून एक माणूस लागे. आत बसलेल्याने पाय मारून काही होत नसे, पाळणा फार जड होता.

उद्घाटन मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाले. मी तिथे कामानिमित्त होतो. मांडव होता, कारंजे दिवसा चालू ठेवले होते, झुकझुक गाडीही त्या दिवशी चालू होती. मॅडमला आणि बेबीला पहिल्या रांगेत बसवले होते. मॅडमने बेबीला नवा पंजाबी ड्रेस घातला होता. फीत कापायच्या आधी असे लक्षात आले, की चाकाच्या खुर्चीतले कुणी आलेले नाही. एका दवाखान्यातून खुर्ची मागवण्यात आली.

“बसवा मॅडम मुलीला,” सूत्रसंचालक म्हणाला.

“साहेब, चांगली चालते. तिले खुर्ची कायले?” त्या दिवशी त्यांना फोनवरचा आवाज सापडला नाही.

“फोटोपुरतं, मॅडम. पाच मिनिटं.”

बेबी आपल्या पायांनी चालत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. खुर्ची उतारावरून आत नेली. पट्टे लावले. पाहुण्यांनी पाळण्याला हात लावला, पाळणा हलला. झोका हलतो आहे हे कळताच बेबीने पाय लांब केले. पाय कठड्यावर आपटले. तिने ते मागे घेतले, पुन्हा लांब केले, पुन्हा आपटले. टाळ्या वाजत होत्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी अंगठ्याचे नख निघाले आणि ती नकाराचा आवाज काढू लागली. हातांत साखळी नव्हती. तिने मनगट तोंडात घातले.

मॅडम कठड्याला धरून आत हात घालत होत्या. “थांबवा न!” त्या म्हणत होत्या. “थांबवा न हो!” पाळणा जड असल्याने एकदम थांबत नव्हता.

फोटो दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत आला. तो पहिल्या हेलकाव्याचा होता. बेबीचे पाय लांब केलेले त्यात दिसतात. चेहरा हसरा वाटतो.

कार्यक्रमानंतर पाळण्याला साखळी घालून कुलूप लावण्यात आले. कुणी पडले तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न होता. किल्ली ठेकेदाराकडे असते, असे चौकीदार सांगतो. त्या पाळण्यावर नंतर कुणी बसल्याचे मी पाहिलेले नाही.

मॅडम नागपूरला गेल्या नाहीत. बेबी जेवत नव्हती. मॅडम तिला घेऊन शहरभर झोके शोधत फिरल्या. एका शाळेच्या मैदानात साखळीचे झोके होते. मुख्याध्यापिकेने सांगितले की सुट्टीत या, पालकांची तक्रार येते. दुसऱ्या एका लहान बागेत प्लास्टिकचे झोके होते, दोन पायांसाठी भोके असलेले. एका रिसॉर्टमध्ये झोका होता. तिथल्या माणसाने बेबीला बसू दिले, बेबी बसली नाही. तो चौथा नव्हता, किंवा तिथे कडुनिंब नव्हता, किंवा आकडा करकरत नव्हता. मॅडम तिच्यासमोर तळहात धरून बराच वेळ उभ्या होत्या, असे त्यांना नेणाऱ्या रिक्षावाल्याने मला सांगितले.

कार्यालयातल्या साहेबांकडेही त्या पुन्हा गेल्या. एकदा मी सोबत होतो. साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली, पाणी दिले.

“मॅडम, आता मी काय करू सांगा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही मागितलं ते दिलं. आता ते काढून साधे झोके लावा म्हटलं, तर दिव्यांगांचा झोका काढला म्हणून उद्या हेच पत्रकार माझी बातमी करतील. विचारा यांना.”

मॅडमने माझ्याकडे पाहिले नाही. त्या उठल्या. दारातून वळून फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, “आपला वेळ घेतला. धन्यवाद.”

त्यानंतरही त्या दुपारी बागेत येत. बेबी बुजवलेल्या खळग्याच्या जागी बसे. मुरूम तिने हाताने उकरून थोडा खोल केला होता. मॅडम माझ्या बाकावर. भुट्टेवाली कधी येऊन बेबीच्या हातात भाजलेले कणीस देई. बेबी ते धरून ठेवी, खात नसे.

“मीच मागतला भाऊ,” एकदा मॅडम म्हणाल्या. “तारेनं चाललं असतं. चालूनच राह्यलं होतं.”

मी म्हणालो, झोके तसेही कधीतरी काढलेच असते. त्याला माझ्याकडे काही आधार नव्हता.

ऑगस्टमध्ये त्या घरीच वारल्या. सकाळी शेजारणीला दार उघडे दिसले. मॅडम पलंगाजवळ जमिनीवर होत्या आणि बेबी त्यांच्याजवळ बसली होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडले असे लिहून दिले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक्स्चेंजमधल्या जुन्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीने सांगितले, नव्या मुली घाबरून कॉल तोडत, तेव्हा ही मागे उभी राहून हळूच म्हणे, लाइनवर राहा. नेरचा भाचा समोर बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो बेबीला हाताला धरून खाली घेऊन गेला. ती जिना आपल्या पायांनी उतरली. हे मी पाहिले.

डिसेंबरात मला कापसाच्या बातमीसाठी नेरला जावे लागले. काम आटोपल्यावर मी भाच्याचे घर शोधले. भाचा दुकानात होता. त्याची बायको घरी होती. तिने चहा ठेवला.

बेबी ओसरीत चाकाच्या खुर्चीत बसली होती. वजन वाढले होते. केस कापून लहान केले होते. मनगटावर स्वच्छ पट्टी होती. मी समोर गेलो, तिने ओळखले की नाही ते सांगता येत नाही.

“चालत नाही का?” मी विचारले.

“इथसा आली तवापासून कमीच केलं. आता उठतच नाई,” भाच्याची बायको म्हणाली. “डॉक्टर म्हन्ते पाय चांगले हायेत. मंग इथं शिबिर झालं, साहित्य वाटपाचं. काठी, कानाची मशीन न् खुर्ची. काय पायजे म्हने. खुर्ची घेतली. उचलाले बरं पडते.”

मी झोक्याबद्दल विचारले.

“आत्याबाई सांगत न. सांगतलं होतं त्याईनं, तिले आपलं आपल्याले घेता येते म्हून. यायनं कडुलिंबाले दोर बांधून पाह्यला. साखळीबी आनली. तिले बसोलं त् पाय हालवत नाई. समोर पाहात राह्यते नुसती.” तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. “अन् खुर्चीत बसोलं, का मंग चालू करते. पाय समोर फेकते, मांगं घेते. समोर फेकते, मांगं घेते. दिवसभर. खुर्ची दोनदा उलटली भाऊ. एकदा कपायाले लागलं.”

मी खाली पाहिले. बेबीचे दोन्ही पाय खुर्चीच्या पायठेवणीला बांधलेले होते. बांधायला जुनी ओढणी वापरली होती. सैल बांधली होती, काचू नये म्हणून.